तीनातल्या दोन डिस्क पुरेशा ठरल्या

परवा रात्री फोंड्यात गडगडाट झाला आणि वीज गेली. सकाळी सर्व्हर उठला, पण रेड-५ अ‍ॅरे ‘इनॅक्टिव्ह’, म्हणजे बंद! हा अ‍ॅरे म्हणजे तीन डिस्क मिळून एक साठा; एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो. बाबांच्या कॅसेटवरून उतरवलेली वास्कोच्या भजनी सप्ताहाची रेकॉर्डिंग त्यावरच आहेत. पोटात गोळा आला.

घाबरून ‘क्रिएट’ (नवा अ‍ॅरे बनवायची कमांड) चालवायचं नाही, हे पक्कं ठरवलं. त्याने जुना मेटाडेटा (अ‍ॅरेच्या रचनेची नोंद) जातो. लिनक्सवर अ‍ॅरे सांभाळणाऱ्या ‘एमडीएडीएम’ या साधनाच्या ‘एक्झामिन’ने तिन्ही डिस्कचे इव्हेंट काउंट (अ‍ॅरेतल्या बदलांचे आकडे) वहीत उतरवले. दोन सारखे, तिसरी डिस्क मागे पडलेली. मग अ‍ॅरे ‘स्टॉप’ करून त्या दोनच ‘असेंबल’ला (अ‍ॅरे पुन्हा जोडणाऱ्या कमांडला) दिल्या, ‘रन’ (डिस्क कमी असली तरी सुरू कर) आणि ‘फोर्स’ (नोंदी जुळत नसल्या तरी जोड) लावून. सुरू झाला!

रीड-ओन्ली (फक्त वाचता येईल असा) माउंट करून आधी सगळं बाहेरच्या डिस्कवर घेतलं. तिसरी जोडलीय, तिच्यावर डेटा पुन्हा भरणं (रीबिल्ड) चालू आहे. बाबा बाजूच्या खोलीत गजर ऐकताहेत.