वगळण्याची खूण

दसऱ्याला गाडी घरी आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता मी तिची पुस्तिका वाचायला बसलो. माझा व्यवसाय मुद्रितशोधनाचा आहे. तीस वर्षे इतरांच्या पुस्तकांतल्या वेलांट्या आणि उकार तपासत आल्यामुळे छापील कागद हाती आला की तो पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही, मग ती कादंबरी असो, पंचांग असो की औषधाच्या खोक्यात घडी घालून ठेवलेला तो बारीक अक्षरांचा कागद असो. चारशेच्या आसपास पानांची ही इंग्रजी पुस्तिका डॅशबोर्डच्या डाव्या कप्प्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद होती. साताऱ्यातल्या आमच्या गल्लीत अकरा गाड्या उभ्या असतात, पण ती पिशवी फोडणारा मी पहिलाच, असे शेजारच्या तात्यांनी मला सांगितले. सांगण्यात कौतुक नव्हते.

दोन दिवसांत पुस्तिका वाचून झाली, तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. तिच्यातली निम्म्याहून अधिक महत्त्वाची वाक्ये नकारार्थी होती. इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका, क्लचवर पाय टेकवून ठेवू नका, येथे काही चिकटवू नका, तेथे काही ठेवू नका. उलट गाडी आल्यापासून पेढा घ्यायला येणारा प्रत्येक माणूस मला काही ना काही करायला सांगत होता. कोणी टायरमध्ये नायट्रोजन भरायला सांगत होता, कोणी उंदरांसाठी बॉनेटखाली तंबाखूची पुडी बांधायला, कोणी सीटवरचे प्लॅस्टिक वर्षभर तसेच ठेवायला. आमच्या धंद्यात नवखा माणूस पान लाल करून आणतो आणि त्याला वाटते, आपण पुष्कळ काम केले. मुरलेला माणूस जिथे हात लावायचा नाही ती जागा ओळखतो. गाडीच्या बाबतीत मी नवखाच होतो, तरी पक्ष कोणाचा घ्यायचा हे मला पुस्तिका वाचतानाच कळून चुकले होते.

पहिली परीक्षा गाडी ताब्यात घेतानाच झाली होती, पण तेव्हा पुस्तिका वाचलेली नसल्यामुळे मी केवळ काटकसरीच्या बळावर तीत पास झालो. विक्री करणाऱ्या मुलाने माझ्यापुढे जाड सीटकव्हरांचे नमुने पसरले आणि पुढच्या बंपरला लावायचा लोखंडी गार्डही दाखवला. दोन्हींना मी पैशांसाठी नाही म्हटले. नंतर वाचनात आले की आमच्या गाडीत पुढच्या सीटच्या कडेला शिवणीच्या आत एअरबॅग असते आणि अपघाताच्या वेळी ती शिवण फाडून बाहेर येते. वरून जाड कव्हर घातले तर तिची वाटच बंद होते. लोखंडी गार्डचे तर २०१७ च्या अखेरीस केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानेच राज्यांना कळवले होते की असे गार्ड बसवणाऱ्यांवर कारवाई करा, कारण धडक बसलेल्या पादचाऱ्याला ते घातक ठरतात आणि गाडीतल्या माणसांनाही त्यांचा धोका असतो. कंजूषपणा आणि शहाणपणा कधीकधी एकाच घरात राहतात, त्याचे मला फार समाधान वाटले.

आईच्या गणपतीचा प्रश्न मात्र असा सुटणारा नव्हता. तिने चाफळच्या जत्रेतून आणलेली दोन इंच उंचीची पितळी मूर्ती गाडीसाठी म्हणून वर्षभर देव्हाऱ्यात ठेवली होती आणि ती डॅशबोर्डवर डाव्या बाजूला, आपल्या डोळ्यांसमोर, दुतर्फी चिकटपट्टीने बसवायची हे तिच्या मनात पक्के होते. नेमक्या त्याच जागी डॅशबोर्डवर 'एअरबॅग' अशी उठावदार अक्षरे आहेत आणि त्या झाकणावर कोणतीही वस्तू ठेवू नये असे पुस्तिका चौकटीत घालून बजावते, कारण एअरबॅग डोळ्याचे पाते लवायच्या आत उघडते आणि वरची वस्तू गोळीसारखी समोरच्या माणसाकडे फेकली जाते. आता हे आईला सांगायचे कसे? गणपती अंगावर येईल, हे वाक्य मी मनात तीन वेळा तपासले आणि तिन्ही वेळा खोडले. शेवटी सगळे खरे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मग त्याला त्या पुस्तकाजवळ ठेव. विद्येचाच देव आहे." तेव्हापासून गणपती डाव्या कप्प्यात, मऊ कापडात गुंडाळून, पुस्तिकेच्या शेजारी असतो. प्रवासाला निघताना आई कप्पा उघडते, नमस्कार करते, कप्पा बंद करते आणि मग पट्टा लावते. चारशे पानांत हा क्रम कुठे दिलेला नाही, पण त्यात चूकही काढता येत नाही.

तात्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले आहेत आणि एके काळी त्यांच्याकडे प्रीमियर पद्मिनी होती, जिचे गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर होते आणि जी हिवाळ्यात चोक ओढून, आर्जवे करून सुरू करावी लागे. त्या गाडीने त्यांना जे शिकवले ते त्यांनी पुढच्या पिढीला द्यायचे ठरवलेले असल्यामुळे रोज सकाळी ते फाटकाशी उभे राहतात. त्यांचा पहिला उपदेश असा की सुरू केल्यावर गाडी पाच मिनिटे जागीच तापू द्यावी. कार्ब्युरेटरच्या काळात ते योग्यच होते. थंड इंजिनात पेट्रोल आणि हवेचे मिश्रण जमत नसे आणि घाई केली की गाडी चौकात बंद पडे. आताच्या गाडीत किती पेट्रोल सोडायचे हे संगणक ठरवतो, त्यामुळे अर्धा मिनिट थांबून निघावे आणि पहिले एकदोन किलोमीटर सौम्यपणे चालवावे, एवढेच पुरते. तात्यांचे सांगणे चुकीचे नसते, ते जुन्या आवृत्तीवरून केलेले असते. हे मी त्यांना एकदा बोलून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "अरे, जुन्या आवृत्तीत चुका तरी कमी असायच्या." यावर मी काय बोलणार?

पहिल्या हजार किलोमीटरांबद्दल मात्र दोन्ही आवृत्त्यांत पाठभेद नव्हता. तात्यांनी सांगितले, "नव्या नवरीसारखं चालव," आणि पुस्तिकेने तेच रुक्ष भाषेत सांगितले होते: इंजिनाला जोराने पळवू नका, अचानक ब्रेक दाबू नका आणि लांबच्या रस्त्यावर एकाच वेगाने तासन्‌तास जाऊ नका. नव्या इंजिनात पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत यांची एकमेकांशी ओळख व्हायची असते. भार आणि वेग बदलत राहिले की त्या एकमेकींवर नीट बसतात. ब्रेकचे पॅडही तसेच पहिले काहीशे किलोमीटर अंग चोरून असतात, आणि कोऱ्या टायरांची पकडही थोडी झीज झाल्यावरच पुरती येते. म्हणून आम्ही महामार्गाने पुण्याला जायचा बेत सोडला आणि कासच्या रस्त्याला लागलो.

यवतेश्वरच्या घाटात चढताना सगळे ठीक चालले होते. परतीच्या उतारावर तात्या म्हणाले, "न्यूट्रल कर. फुकटचा उतार आहे, पेट्रोल कशाला जाळतोस?" माझा हात गिअरच्या दांड्यावर होताच. पण आदल्याच रात्री वाचलेले आठवले आणि मी गाडी दुसऱ्या गिअरमध्येच राहू दिली. गंमत अशी की आताच्या गाडीत गिअर असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर उतारावर इंजिनाला पेट्रोल मिळणेच बंद होते, चाकेच इंजिनाला फिरवतात आणि त्या ओढीने गाडी आपोआप आवरली जाते. न्यूट्रल केली की इंजिन स्वतःच्या बळावर सुरू राहण्यासाठी पेट्रोल पिते आणि गाडी आवरण्याचा सगळा भार एकट्या ब्रेकवर पडतो. म्हणजे पेट्रोल वाचवायचे तरी काही करायचे नाही आणि ब्रेक वाचवायचे तरी काही करायचे नाही. एवढे सगळे त्या वळणांवर समजावून सांगणे शक्य नव्हते, त्यामुळे खाली पोवई नाक्यापर्यंत तात्या माझ्याकडे अपव्ययी माणसाकडे बघावे तसे बघत राहिले.

पेट्रोल पंपावर आपल्याला 'शून्य बघा साहेब' म्हणतात, तोवर सगळे नियमाप्रमाणे असते. टाकी भरत आली की नळी टक् असा आवाज करून आपोआप बंद होते, आणि मग भरणारा मुलगा हसून विचारतो, "राउंड फिगर करू?" बावीसशे त्रेसष्ट रुपयांना तेवीसशे करण्याचा हा मोह आपल्या रक्तातच असावा. परंतु टाकीतली वरची मोकळी जागा ही बाष्पासाठी राखलेली असते, ते बाष्प कोळसा भरलेल्या एका डब्यात शोषले जाते, आणि त्या डब्यात बाष्पाऐवजी पेट्रोलच शिरले तर तो निकामी होऊ शकतो. मी त्रेसष्टवर थांबतो आणि सुटे देतो. हवेचेही तेच. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या कागदावर आमच्या टायरसाठी ३३ हा आकडा आहे. टायरच्या अंगावर कोरलेला मोठा आकडा कमाल मर्यादेचा असतो, आपण भरायच्या हवेचा नव्हे. हवा तपासायची ती टायर थंड असताना, कारण धावून तापलेल्या टायरमधला दाब वाढलेला दिसतो आणि तो पाहून हवा काढणारा माणूस दुसऱ्या दिवशी सकाळी कमी हवेवर निघतो. नायट्रोजनबद्दल माझे म्हणणे इतकेच की साध्या हवेतही तो सुमारे ७८ टक्के असतो आणि पंपावरची हवा मला फुकट मिळते.

आता माझ्या चुकीकडे वळायला हवे. आमची गाडी गडद निळ्या रंगाची आहे. साताऱ्यात ऑक्टोबरनंतर धूळ अशी बसते की रात्रीतून बॉनेटवर बोटाने नाव लिहिता यावे. मी रोज सकाळी चहाच्या आधी एक पिवळे मऊ फडके घेऊन ती धूळ कोरडीच पुसत असे, आणि पुसून झाल्यावर दोन पावले मागे सरून गाडीकडे पाहात असे. मुलांची शाळेची छायाचित्रे काढतानाही मी इतका मागे सरलो नव्हतो. पंधरा दिवसांनी सकाळचे तिरपे ऊन बॉनेटवर पडले तेव्हा मला रंगात कोळ्याचे जाळे दिसले. हजारो बारीक, गोल गोल ओरखडे, सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती फेर धरून उभे असलेले. धूळ म्हणजे दगडाचा चुराच, आणि रंगाचे सगळे थर मिळून जाडी एखाद्या केसाएवढी. त्यावर मी रोज, मनापासून, पॉलिशपेपर फिरवत होतो. हे न करण्याची सूचना मी वाचली नव्हती का? वाचली होती, त्या पानावरचे एक सुटलेले विरामचिन्हही मला आठवत होते. डोळ्याने वाचलेले हातापर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

आता गाडी आठवड्यातून एकदाच, सावलीत, आधी भरपूर पाण्याने धूळ वाहून घालवून आणि मग गाडीच्या शॅम्पूने धुतो. भांड्यांचा साबण वापरत नाही, तो रंगावरचे मेणही उतरवतो. मधल्या सहा दिवसांत ती मळकी दिसते आणि मी ती मळकी दिसू देतो. अपवाद कबुतरांचा. त्यांची विष्ठा रंग खाते, त्यामुळे ती दिसली की ओला कागद दहा मिनिटे वर ठेवून, मऊ झाल्यावर, न घासता उचलायची.

एकदा गाडीखाली पाणी ठिबकताना पाहून माझा जीव खालीवर झाला. मी फरशीवर आडवा झालो, थेंब बोटावर घेतला, हुंगला, अंगठ्यावर चोळून पाहिला. ना रंग, ना वास, ना चिकटपणा. ते एसीचे पाणी होते, फ्रिजमधून निघावे तसे हवेतून निघालेले. पत्नीने दारातून विचारले, "औषध देऊ का काही गाडीला?" आणि ती आत गेली.

हजार किलोमीटर झाल्यावर पहिली सर्व्हिस आली. काउंटरवरच्या मुलाने माझ्यापुढे छापील यादी ठेवली. तिच्यात रंगावरचे कोटिंग, एसीत मारायचा फवारा, पेट्रोलमध्ये घालायचे द्रव्य, आतल्या भागाची सुगंधी सफाई अशा सात ओळी होत्या आणि प्रत्येक ओळीपुढे आकडा होता. पुस्तिकेत पहिल्या सर्व्हिसला फक्त तपासणी सांगितली होती. ऑइल बदलायचे ते दहा हजार किलोमीटर झाल्यावर किंवा वर्षाने. माझ्या खिशातली पेन्सिल आपोआप बाहेर आली आणि मी एकेका ओळीवर रेघ ओढून समासात शेपटीचे गोल वेटोळे काढले, ज्याला आमच्यात वगळण्याची खूण म्हणतात. मुलाने यादी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारले, "काका, ही सही कुठली?"

घरी आलो तर तात्या फाटकाशी होतेच. ऑइलसुद्धा बदलले नाही हे ऐकून ते हळहळले. त्यांच्या पद्मिनीच्या पहिल्या ऑइलमध्ये लोखंडाचा कीस चमकत असे. मी गाडी सपाटीवर उभी केली, इंजिन बंद करून पाच मिनिटे थांबलो, बॉनेट उघडून पिवळ्या कडीची डिपस्टिक ओढून काढली, पुसून पुन्हा पूर्ण आत घातली आणि परत काढून त्यांच्या हातात दिली. टोकाजवळच्या दोन खुणांच्या मधोमध, काकवीहून फिक्या, मधाच्या रंगाचे ऑइल होते. तात्यांनी ते चष्मा वर करून पाहिले, बोटांत घेऊन पाहिले. "थोडं वर भरून ठेवू का, खुणेपर्यंत?" मी नको म्हटले, जास्त झाले तर आतला दांडा ते घुसळून फेस करतो. त्यांनी डिपस्टिक परत दिली आणि मी बॉनेट अलगद लावले.

"मग आता?" त्यांनी विचारले.

"आता काही नाही, तात्या."

बॉनेटवर रस्त्याची ताजी धूळ बसली होती. तात्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, पुढे केला, माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा खांद्यावर टाकला.