टाटाला नेलंय

मंगळवार, रात्री साडेअकरा. दादर.

ताई झोपली. दाद्या डोळे मिटून पडलाय, पण जागा आहे. मी व्हरांड्यात येऊन बसलो.

माझं घर डोंबिवलीला, तरी आम्ही इथे गाडगे महाराज धर्मशाळेत राहतोय. केमोनंतर आठ-दहा दिवसांत पांढऱ्या पेशी खूप खाली येतात. तेव्हा ताप १००.४ झाला की घरी गोळी देऊन वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. रात्री दोनला डोंबिवलीहून परळ गाठण्यापेक्षा ही खोली बरी. आज तिसऱ्या केमोचा सहावा दिवस.

दाद्या माझा भाचा, पंधरा वर्षांचा. उजव्या गुडघ्याच्या वर मांडीच्या हाडात गाठ. हाडाचा कॅन्सर, ऑस्टिओसार्कोमा. आता हा शब्द मला न अडखळता म्हणता येतो, पण पहिला महिनाभर त्याच्यासमोर आम्ही कुणी तो उच्चारला नाही. 'हाडात इन्फेक्शन झालंय' असं सांगायचं मीच ठरवलं होतं. आमच्या साताऱ्याकडे 'टाटाला नेलंय' म्हटलं की समोरचा माणूस पुढे काही विचारत नाही. परळचं ते हॉस्पिटल १९४१ पासून उभं आहे. त्याचं नाव घेतलं की आजाराचं वेगळं घ्यावं लागत नाही. पोराला त्याच दारातून आत नेत होतो आणि त्याला कळणार नाही असं समजत होतो.

पहिल्या केमोच्या वेळची गोष्ट. सलाईन सतत चालू असतं आणि लघवी मोजून लिहून ठेवावी लागते. पहिल्या दिवशी ताई भांडं घेऊन उभी राहिली, तर हा लाजेनं अर्धमेला झाला. पंधरा वर्षांचं पोर, मिशी फुटायला लागलेली. 'मी मोजतो, तुला आकडा सांगतो,' म्हणाला. पडदा ओढायचा, आकडा सांगायचा, भांडं वॉर्डातल्या मामांकडे द्यायचं. (तिथे वॉर्डबॉयला मामाच म्हणतात.) त्या संध्याकाळी लाल औषध गेलं होतं. त्यानं लघवी लाल होते, दिवसभरात निवळते, घाबरायचं कारण नसतं. सिस्टरनी हे आम्हाला बाहेर बोलावून नीट सांगितलं होतं. आम्ही ते आमच्यापाशीच ठेवलं.

रात्रभर तो आकडे सांगत राहिला. रंगाबद्दल चकार शब्द नाही. सकाळी शेजारच्या कॉटवरच्या मुलाला त्यानं हळूच विचारलं, 'आतून रक्त जायला लागल्यावर किती दिवस राहतात?' तो मुलगा सहावी केमो घेत होता, त्यानं हसून सगळं समजावलं. मी पडद्याच्या अलीकडे पाण्याची बाटली धरून उभा होतो.

त्या दिवशी मी डॉक्टरांना म्हटलं, आता जे सांगायचं ते त्याच्यासमोर सांगा. त्यांनी खुर्ची ओढून त्याच्याशीच बोलायला सुरुवात केली. कॅन्सर हा शब्द ऐकून तो दचकला नाही. ताईच दचकली. भांड्याची जबाबदारी तेव्हापासून माझी, तेवढ्यासाठी रजा टाकली.

एक गोष्ट मला लिहून ठेवलीच पाहिजे. कबड्डीत पाय मुरगळला असेल, उंची वाढायचं वय आहे, असं म्हणत तीन महिने गेले. रात्री दुखण्यानं त्याची झोपमोड व्हायची तरी आम्ही चोळत होतो. तेलाची बाटली डोंबिवलीहून मीच पाठवली होती. वाढत्या वयाच्या पोराचा एकच पाय आठवडेच्या आठवडे दुखत असेल, सूज असेल, रात्री जाग येत असेल, तर मालिश नको, आधी एक्स-रे काढा. दाजी मला कधी काही बोलले नाहीत. ते गावाकडे फुले योजनेचे कागद, केशरी रेशनकार्ड आणि दोन म्हशी सांभाळतायत. धाकटी आजीजवळ आहे. तिची वेणी आणि शाळेचा डबा शेजारच्या काकूंनी न विचारता स्वतःकडे घेतला. त्यांचे पाय धरावेसे वाटतात.

आज ऑपरेशनचं बोलणं झालं. गाठीचा हाडाचा भाग काढून आत धातूचा सांधा बसवायचा, पाय वाचवायचा, असा विचार आहे. नक्की काय ते पुढच्या एमआरआयनंतर. दाद्यानं वहीत प्रश्न लिहून आणले होते. पहिलाच, कबड्डी खेळता येईल का. डॉक्टर म्हणाले, 'नाही.' सरळ सांगितलं. तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग विचारलं, 'सायकल?' ते म्हणाले, 'सांधा नीट बसला, व्यायाम केलास, तर हो.' त्यानं 'सायकल' शब्दापुढे बरोबरची खूण केली.

संध्याकाळी त्यानं स्वतःहून धाकटीला व्हिडिओ कॉल लावला. टोपी काढून डोकं दाखवलं. तिनं बराच वेळ बघितलं आणि विचारलं, 'दादा, दुखतं का रे?'

आम्ही विचारलं की तो नेहमी मान हलवतो, नाही म्हणतो. तिला म्हणाला, 'हो. रात्री जास्त.'

उद्या रक्त तपासायला साडेसातला रांगेत उभं राहायचं आहे. त्यानंतर डॉक्टरांना रात्रीच्या गोळीचं विचारायचं.