ड्रॉइंगच्या बाई आणि मैदानाकडची भिंत

सुवर्णमहोत्सवाचं पत्र आलं आणि शाळेच्या आधी ड्रॉइंगच्या बाई आठवल्या. संस्थेबद्दल, निकालांबद्दल इतर लिहितीलच.

आम्ही नववीत असताना मैदानाकडच्या भिंतीवर लालबाग-परळचा इतिहास रंगवायचं बाईंनी काढलं. गिरणी कामगारांचा १८ जानेवारी १९८२चा संप कुणी रीतसर मागे घेतलाच नव्हता. वर्गातल्या कितीतरी पोरांचे वडील घरीच होते. रंग गणपती मंडळाच्या डेकोरेशनमधून उरलेले. चिमण्या, भोंगा, खाणावळीतली पंगत काढून झाली. साचेवाला, म्हणजे मागावरचा विणकर, मात्र आम्ही ऐटीत बसवला होता.

बाईंनी माझ्या बाबांना बोलावणं धाडलं. एरवी ते शाळेत यायचे ते फीमाफीच्या अर्जावर सही करायला. त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आले. "बसून साचा कोण चालवतं, बाई? पाळी संपेस्तोवर पाय भरून यायचे." मग खडू मागून घेतला, पुढे-मागे साचे आखले, मधली चिंचोळी वाट आखली. खडखडाटात माणसं खुणांनी कशी बोलतात ते करून दाखवलं. पोरं हसली, बाबाही हसले. घरी ते तेव्हा फारसं बोलत नसत.

पूर्वी धोट्यातलं सूत तोंडाने ओढून घ्यायचे, हेही त्यांनी सांगितलं. बाईंनी तो धागा सोडला नाही. त्या उष्ट्या सुतापायी दलित कामगारांना साचेखात्यात घेत नसत, त्यांची वाट त्रासनखात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात. १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला, हे आम्हाला बाईंकडून कळलं. तेही भिंतीवर आलं, दोन वेगळे दरवाजे काढून. "शाळेच्या भिंतीवर हे कशाला?" असं स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं. "मग चुनाच मारू या," बाई म्हणाल्या. दरवाजे राहिले. अशा बाई मी पुन्हा पाहिल्या नाहीत.

आज मी टॉवरच्या लॉबीत म्युरल करतो. त्यातला एक टॉवर बाबांच्याच गिरणीच्या जागेवर आहे. मालकांना चिमणी हवी होती, माणसं नको होती. चिमणी दिली, पोट आहे.

आपल्या भिंतीवर आता टाइल्स आहेत, धुवायला सोप्या. जुना फोटो कुणाकडे असल्यास समितीकडे द्यावा. नव्या इमारतीत एक भिंत मोकळी सोडा, रंगांचा खर्च माझ्याकडे लागला.