वाचनीय

रविवार, रात्री साडेअकरा

झोप येत नाहीये. उकाडा आहेच, पण मे महिन्यात सोलापुरात राहून उकाड्याला दोष द्यायचा म्हणजे नसती सबब.

सकाळी वाचनालयात गेलो होतो. काउंटरवरच्या बाई शिक्का मारता मारता म्हणाल्या, "सर, त्या कादंबरीवर तुम्ही लिहिलं होतं की ओ, ते वाचून एक आजी पुस्तक नेलत्या. तिसऱ्या दिवशी आणून दिल्या. म्हणाल्या, त्यांना सांगा, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसरा राहिलाय. आम्हाला मोजकंच वाचता येतंय."

एवढंच. रागावल्या नव्हत्या म्हणे.

मघाशी कात्रणांची फाईल काढली. सव्वीस परीक्षणं. त्यांत 'वाचनीय' एकोणीस वेळा, 'संग्राह्य' सात. मुद्रणदोष टाळता आले असते, हे पाच ठिकाणी. टीका म्हणून जी काय केली ती एवढीच. त्या कादंबरीची मधली ऐंशी पानं मी नुसती उलटली होती, हे कुठंच नाही.

पण मी तरी काय करणार? लेखक रोज सकाळी सिद्धेश्वर तळ्याच्या काठी फिरायला भेटतात. शिवाय धाकटीच्या वेळी त्यांनीच... असो.

आणि वाईट लिहून होतं काय? १८७४ साली निघालेल्या निबंधमालेत विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी जोतीराव फुल्यांची व्याकरणावरून यथेच्छ टर उडवली. फुले आजही वाचले जातातच. या विचारानं जरा बरं वाटलं. मग वाटलं, शास्त्रीबुवा भांडत होते ते निदान पुस्तकाशी. माझ्या 'वाचनीय'वरून आजींना काय कळणार होतं?

हिला सांगितलं तर म्हणाली, "शेंगाचटणीवालासुद्धा आधी तळहातावर चिमूटभर ठेवतो. तुम्ही नुसतं बरणीचं कौतुक करता."

माझ्या संग्रहाला एकानं झोडपलं होतं, त्याला आठ वर्षं झाली. चौदाव्या पानावरची उपमा त्यानं नेमकी पकडली होती. माणूस अजून डोक्यात जातो, पण ती उपमा मी पुन्हा वापरलेली नाही. त्याच महिन्यात कौतुकाचीही दोन परीक्षणं आली होती. कुणाची, ते आठवत नाही.

टेबलावर नवा कवितासंग्रह पडलाय. 'सप्रेम भेट', खाली सही, सोबत पावशेर पेढे. पेढे संपलेत. बुधवारपर्यंत मजकूर द्यायचाय. पहिलं वाक्य दोनदा खोडलं.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन कधी आहे, ते विचारायला हवं होतं.