व्हीलचेअरवरून कसोटी बघायला जाताय? आधी गेटपासूनची वाट विचारा

"हो सर, व्हीलचेअरसाठी वेगळी जागा आहे." फोनवर एवढंच सांगितलं गेलं आणि ते खरंही निघालं. फक्त रिक्षा सोडते तिथून त्या जागेपर्यंत माणसाने जायचं कसं, याचा विचार कुणी केलेला नव्हता. म्हणून हे लिहितोय.

मैदान राज्याबाहेरच्या मोठ्या शहरातलं, नावाजलेलं आहे. नाव मुद्दाम देत नाही. एकाला झोडलं की बाकीचे सुटतात, आणि माझे खुर्चीवरचे मित्र इतर मैदानांबद्दल हेच सांगत आलेत.

माझी कमरेखाली हालचाल नाही. खुर्ची स्वतः ढकलतो, बिछान्यातून खुर्चीत आणि खुर्चीतून रिक्षात स्वतःच्या हातांवर जातो. तुम्हालाही तेवढं जमतं आणि घडीची हलकी खुर्ची, चांगली उशी, पंक्चरचं सामान तुमच्याकडे आहे, असं धरून पुढचं लिहितोय. सोबत भाचा होता. ट्रेनचा प्रवास ठीक झाला. रेल्वेचं सवलतीचं ओळखपत्र काढलं नसेल तर आधी काढा; स्लीपर आणि थर्ड एसीला ७५ टक्के सवलत आहे, सोबत्यालाही.

आता ती वाट. सामन्याच्या दिवशी पोलीस मैदानाभोवतीचे रस्ते बंद करतात. रिक्षा लांबच्या चौकात सोडते. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र दाखवलं, तरी बॅरिकेडवरचा हवालदार म्हणाला, "गाडीचा पास पाहिजे." असा पास असतो हे तिकीट घेताना कुणी सांगितलं नव्हतं. तिथून गेटपर्यंत उखडलेले पेव्हर ब्लॉक, मधे खडी, आणि दर थोड्या अंतरावर रस्त्यात आडव्या टाकलेल्या जाड केबली. पुढची छोटी चाकं केबलीत अडकली की खुर्ची जागच्या जागी थांबते आणि अंग पुढे जातं. मी प्रत्येक केबल मागच्या दोन चाकांवर तोल धरून ओलांडली. ज्यांना हा तोल येत नाही त्यांनी ती वाट एकट्याने घेऊ नये. फूटपाथवर चढायला उतार होता, पण त्याच्या तोंडाशीच मोटारसायकली लावलेल्या.

तिकिटावर छापलेलं गेट आमचं नव्हतंच. तिथे पायऱ्या. "मागून जा," म्हणाले. मागचं गेट म्हणजे मैदानाला जवळजवळ अर्धी प्रदक्षिणा, त्याच खडीतून. तळहात तिथेच सोलले. हातमोजे घाला, कापडी नकोत, चामड्याचे.

तपासणीत हवेचा पंप काढून घेतला. उशी बाहेर ठेवा म्हणाले. उशीशिवाय दिवसभर बसलो तर मला जखम होते आणि ती भरायला महिने लागतात, हे मी अंगावर येऊन सांगितलं तेव्हा सोडली. कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची पिशवी चारचौघांत उघडून पाहिली. डॉक्टरांचं पत्र न्या, त्यात उशी, कॅथेटर, औषधं आणि पाण्याची गरज नावानिशी लिहून घ्या. पत्र दाखवल्यावर वरिष्ठाने दोन मिनिटांत मोकळं केलं.

मग रॅम्प. नियम एकास बाराचा आहे, म्हणजे चार फूट चढायला अठ्ठेचाळीस फूट लांबी हवी. तिथे त्याच्या निम्मीही नव्हती, वर गुळगुळीत फरशी. चार स्वयंसेवक धावत आले आणि विचारायच्या आत खुर्चीचे हात टेकायचे दांडे धरून मला उचलू लागले. हे दांडे निघतात! एक निघालाच. भाच्याने ओरडून थांबवलं, "मामा पडेल, खाली ठेवा!" पोरं भली होती, त्यांच्यावर राग नाही. पण उचलून नेणं ही सोय नाही. कुणी उचलणारच असेल तर फक्त मुख्य चौकट धरायला सांगा, आणि तुमचा माणूस मागे ठेवा.

जागा सपाट होती, सावलीही होती. समोर मात्र रेलिंगचा आडवा दांडा बरोब्बर डोळ्यांच्या उंचीवर, आणि पुढच्या रांगा चौकार गेला की उभ्या राहतात. इंग्लंडमधल्या मैदानांच्या मार्गदर्शिकेत, पुढचे लोक उभे राहिले तरी व्हीलचेअरवरच्या माणसाला खेळ दिसला पाहिजे, असा निकष आहे. तिथल्या फुटबॉलच्या प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०१५ मध्ये कबूल केलं होतं की ऑगस्ट २०१७ पर्यंत ही मार्गदर्शिका पाळू. सगळ्यांना मुदतीत जमलं नाही, पण निदान तारीख होती आणि जाब विचारता आला. तिथे बहुतेक क्लब सोबत्याचं तिकीट फुकट देतात. आमच्याकडून भाच्याच्या तिकिटाचे पूर्ण पैसे घेतले आणि त्याला जागा दिली वरच्या मजल्यावर. तो दिवसभर माझ्यामागे उभा होता, दर तासाला कुणीतरी येऊन त्याला हटवत होतं. हे मला सगळ्यात जास्त लागलं. आपण सामना आपल्या माणसाशेजारी बसून बघायला जातो.

दिव्यांगांच्या स्वच्छतागृहाला कुलूप, आत पाण्याची खोकी. चावी मिळेपर्यंत लंच संपला होता. आत जाताक्षणी, काम नसतानाही, चावी कुणाकडे आहे ते शोधून ठेवा.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सार्वजनिक इमारतीच्या व्याख्येत मनोरंजनाच्या जागाही येतात, मालक सरकारी असो की खासगी. जुन्या इमारतींना नियम आल्यापासून पाच वर्षं दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, म्हणजे मुदत २०२२ मध्येच संपली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बजावलं की सुगम्यतेचे किमान निकष नुसते शिफारशीवजा ठेवून चालणार नाहीत, ते बंधनकारक हवेत. तक्रार मैदान ज्या राज्यात आहे तिथल्या दिव्यांग आयुक्तांकडे करायची. महाराष्ट्रातल्या मैदानासाठी पुण्याच्या कार्यालयात. मी रॅम्पचे फोटो टेप लावून काढलेत आणि पाठवलेत.

तरी जावं का? जावं. शेवटच्या सत्रात चेंडू हलायला लागला, स्लिपमध्ये झेल गेला आणि सगळं स्टँड गरजलं, तेव्हा छातीत जे झालं ते टीव्हीवर होत नाही. पण कसोटीलाच जा, तेही कामाच्या दिवशी. टी-ट्वेंटीला खुर्ची घेऊन जाऊ नका, सुटतानाची गर्दी धोक्याची असते. मणक्याची इजा छातीच्या वर असेल तर अंगाला पुरेसा घाम येत नाही, म्हणून उन्हातलं स्टँड फुकट दिलं तरी घेऊ नका.

तिकिटाआधी ईमेलनेच विचारा, फोनवर नको: गाडी कुठपर्यंत सोडतील, पास कोण देतं, बिनपायऱ्यांचं गेट कोणतं, सोबती शेजारी बसेल का. लेखी उत्तराची छापील प्रत हवालदाराला दाखवता येते. खेळ संपल्यावर अर्धा तास जागेवरच थांबा. आणि चौकातला रिक्षावाला "खुर्चीचे वेगळे" म्हणून दुप्पट मागेल, आमच्याकडे मागितलेच. देऊ नका, पुढची रिक्षा बघा. आम्हाला तिसरा मीटरने घेऊन गेला.