सारवलेली भेग

2022 चा जून. पोलादपूरच्या डोंगरातली एक वाडी. आदल्या जुलैत जवळच्या महाड तालुक्यातलं तळिये दरडीखाली गेलं, 80 हून जास्त माणसं गेली. त्याच दिवसांत वर महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस कोसळला होता. तेव्हापासून आम्हा भूगर्भवाल्यांच्या पायाला भिंगरी.

सकाळभर उतार पालथा घातला. गवत गुडघाभर, त्यात काय दिसणार? फॉर्म भरला आणि पाणी प्यायला एका घरात शिरलो. ओसरीवर शेणाने सारवलेल्या जमिनीत एक रेघ होती, भिंतीपासून उंबऱ्यापर्यंत.

"दर साल सारवते, दर साल उघडते," आजी म्हणाली. "पयलं नख बी शिरत नव्हतं."

मी टेप सोडली. चाळीस सेंटिमीटर आत गेली आणि मग कशाला तरी अडली.

रेघेमागे चालत गेलो. गोठ्यातून, कललेल्या फणसाखालून, नाचणीच्या बांधावरून साठेक पावलं. सरळ नव्हती, कोयत्यासारखी वळत होती. पोटात गोळा आला. सुटू पाहणाऱ्या उताराची ती वरची कड होती आणि आजीचं घर बरोबर तिच्यावर. खाली घट्ट कातळ, वर मुरूम आणि माती. मृगापासून आत मुरलेलं पाणी असतंच, त्यात एका रात्रीत दोन-तीनशे मिलिमीटर भेगेतून उतरलं की मातीची पकड सुटते. 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात अशा मोठ्या अतिवृष्टी तिपटीने वाढल्या, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या संशोधकांनी 2017 मध्येच मांडलं होतं. पण सगळं आभाळावर ढकलायला मी तयार नाही. उताराच्या पायथ्याला नव्या रस्त्यासाठी जेसीबीने घेतलेला ताजा काप मला दिसत होता.

पुनर्वसनाचा अहवाल लिहिला. तो वर्षं खाणार, हे माहीत होतं. तोवर काय? भेग चिकणमातीने ठासून बुजवली, वर ताडपत्री. दोन्ही बाजूंना खुंट्या ठोकल्या. त्यांच्यातलं अंतर आजीने रोज बोटांनी मोजायचं, वाढलं की ओढ्याअलीकडच्या शाळेत जायचं.

"आन् म्हशी?"

यादीत माणसं होती, म्हशी नव्हत्या. गोठ्यासाठी लोक रात्री परत घरी येतात, हे मला कळायला हवं होतं.

जुलैत एका संध्याकाळी तिच्या नातवाचा फोन आला. "सायेब, आज्जी म्हणते चार बोटांची पाच झाली." बाहेर धो धो पाऊस. मी म्हटलं, "निघा. म्हशी सोबत घ्या."

त्या रात्री दरड आली नाही. सकाळी साडेसातला गुरुजींचा फोन आला, आवाज चढलेला: तिसरीच्या वर्गात दोन म्हशी बांधल्यात, त्यांनी तक्ता चघळलाय, आणि हे शेण कोण काढणार?