टाकीचं झाकण

त्या रविवारी सकाळी साडेनऊला तालमीच्या हॉलमध्ये चौदा प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या. राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी नऊ आठवड्यांवर आली होती आणि एका तरुण लेखकाची दोन अंकी संहिता चौथ्या खर्ड्यावर अडली होती. मी दिग्दर्शक म्हणून बसलो होतो, पण त्या दिवसाचं काम दिग्दर्शनाचं नव्हतं. नाटक नेमकं कुठे पडतं, ते शोधायचं होतं.

गोष्ट अशी. एका गृहनिर्माण सोसायटीत वॉचमनचा सात वर्षांचा मुलगा जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीत पडून दगावतो. टाकी उघडी राहिलेली असते. नाटक घडतं त्यानंतर तिसऱ्या दिवशी, कार्यकारिणीच्या बैठकीत. सात पात्रं, एक टेबल, एक इतिवृत्ताची वही. टाकी कोणामुळे उघडी राहिली, हे लेखकाने शेवटच्या सहा मिनिटांपर्यंत राखून ठेवलं होतं.

वाचन बसूनच झालं, पण प्रयोगाच्या वेगात. तीन ठिकाणी थांबलो: विसाव्या मिनिटाला, मध्यंतराला आणि शेवटच्या प्रवेशाआधी. प्रत्येक वेळी श्रोत्यांनी एका चिठ्ठीवर दोन प्रश्नांची उत्तरं लिहायची. पहिला, जबाबदार कोण? दुसरा, तुम्ही या टेबलाशी बसला असता तर काय केलं असतं? बोलायचं नाही, शेजाऱ्याचं बघायचं नाही.

विसाव्या मिनिटाला चौदांपैकी अकरा जणांनी लिहिलं, सेक्रेटरी. मध्यंतराला तेरा. शेवटीही तेराच.

कारण उघड होतं. त्या पात्राच्या हातून पाण्याचा ग्लास सांडत होता, फोन आला की तो बाजूला जात होता, कोणी विचारलं नसताना दोनदा म्हणत होता, "मला काही माहीत नाही." लेखकाने हे हलके इशारे म्हणून पेरले होते. पण गुन्ह्यांच्या मालिका बघून तयार झालेला प्रेक्षक असे इशारे एका क्षणात ओळखतो आणि मग उरलेला दीड तास आपलं उत्तर बरोबर निघायची वाट बघतो. पण मला जास्त लागलं ते दुसऱ्या प्रश्नाचं. बहुतेक चिठ्ठ्यांवर ती जागा कोरी होती. तिघांनी चक्क 'लागू नाही' असं लिहिलं होतं. एक मूल गेलंय, आणि समोर बसलेल्या माणसाला त्या टेबलाशी आपली खुर्ची असू शकते असं एकदाही वाटलं नव्हतं.

लेखक हिरमुसला. म्हणाला, "दादा, मग गुन्हेगार बदलू का? कोणाला संशय येणार नाही असा?"

नव्या लेखकांचा हात आधी तिकडेच जातो, आणि त्याने काही सुधारत नाही. खुनाच्या नाटकात उत्तर हे बक्षीस असतं. नैतिक कोड्यात उत्तर हातात आलं तरी प्रेक्षकाला स्वस्थ बसता येऊ नये. सोफोक्लिसच्या 'इडिपस'मध्ये आधीच्या राजाचा, लायसचा, खुनी तूच आहेस असं आंधळा द्रष्टा टायरेसियस इडिपस राजाच्या तोंडावर सांगून मोकळा होतो, आणि नाटकाचा मोठा भाग त्यानंतर सुरू होतो. ऐकूनही ऐकू न येणारा माणूस आपण बघत राहतो. त्यातली एक गोष्ट मला दर वाचनात थक्क करते. मारेकरी एक नव्हे, अनेक होते, असं हल्ल्यातून जिवंत वाचलेल्या नोकराने तेव्हा सांगितलेलं असतं आणि राजाची सगळी आशा त्या एका आकड्यावर टांगलेली असते. तो नोकर अखेर समोर येतो तेव्हा आकड्याबद्दल त्याला कोणीच विचारत नाही. प्रश्नच बदललेला असतो. 'लायसला कोणी मारलं' मागे पडून 'मी कोणाचा मुलगा' हा पुढे आलेला असतो.

चहा झाल्यावर आम्ही तेंडुलकरांची 'शांतता! कोर्ट चालू आहे' उघडली. १९६७ साली रंगायन या नाट्यसंस्थेने केलेलं हे नाटक, दिग्दर्शन अरविंद देशपांडे, नायिका बेणारेच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. पन्नासेक वर्षं मराठीत त्याच्यावर बोललं जातंय, पण बहुतेक वेळा बेणारेच्या स्वगतावर. आम्ही फक्त कारागिरी बघायची ठरवली: प्रेक्षकाला काय कळतं, कधी कळतं आणि तेव्हा तो काय करत असतो.

सुरुवातीलाच दाराची कडी येते. बाहेरून ती आपोआप लागते हे गावातला सामंत सांगतो, बेणारेचं बोट तिच्यात सापडतं. तेव्हा ते गमतीचं वाटतं. पुढे बेणारे निघून जायला बघते, दार उघडत नाही, आणि त्या वेळी कोणाला काही समजावून सांगावं लागत नाही. यंत्रणा आधी हसत दाखवलेली असते. खटल्याचंही तसंच. सामंताला कोर्ट कसं चालतं ते कळावं म्हणून गावात प्रयोगाला आलेल्या नाटक मंडळींत लुटुपुटूच्या खटल्याचा खेळ ठरतो. आरोपी म्हणून बेणारे गमतीतच निवडली जाते आणि आरोप येतो भ्रूणहत्येचा, खुनाचं कलम ३०२. पहिल्या अंकाचा पडदा तिथे पडतो. इथपर्यंत प्रेक्षक त्या मंडळींबरोबर हसलेला असतो, म्हणजे खेळायला त्याचीही संमती मिळालेली असते.

साक्षींची चढण तर लेखकांनी पेन्सिल घेऊन बसावं अशी आहे. आधी थट्टा. मग प्रोफेसर दामल्यांच्या घरी बेणारेला पाहिल्याचं मंडळींतल्या रोकडेच्या तोंडून निघतं. मग सामंत, ज्याला खरं काहीच माहीत नाही, तो हातातल्या कादंबरीच्या आधाराने साक्ष रचतो आणि नेमकी तीच वर्मी लागते. पुढे मंडळींतलाच पोंक्षे तिच्याजवळच्या टिक-ट्वेंटी या कीटकनाशकाच्या बाटलीचं सांगतो. म्हणजे खोट्यातून खऱ्याकडे, पण सरळ जिन्याने नाही. कुठली पायरी खेळाची आणि कुठली खरी, हे प्रत्येक साक्षीला आपल्याला नव्याने ठरवावं लागतं. आणि ज्याला खरं विचारायला हवं तो दामले, बेणारेच्या पोटातल्या मुलाचा बाप, रंगमंचावर येतच नाही. 'कोणी' हा प्रश्न केव्हाच सुटलेला असतो. आपण बसून राहतो, कारण हा खेळ आता कोण थांबवणार ते कळत नाही.

"मी हशा कुठेच घेतला नाही," लेखक बराच वेळाने म्हणाला. दुरुस्ती तिथून सुरू झाली.

पोस्टकार्डाच्या आकाराची एकतीस कार्डं केली, प्रत्येक घटनेला एक. खाली डावीकडे लिहायचं, प्रेक्षकाला नवं काय कळलं. उजवीकडे, त्यामुळे तो कोणाच्या बाजूला सरकला. नऊ कार्डांवर दोन्ही रकाने रिकामे राहिले. त्यातली सात तिथेच काढली. त्यांपैकी पाचांत पात्रं आपापली पूर्वपीठिका सांगत होती: सेक्रेटरीचं कर्ज, खजिनदाराचं आजारपण. लेखकाला वाटत होतं की सगळ्यांना न्याय द्यायचा तर प्रत्येकाला सबब हवी. पण सबब पात्राने सांगितली की प्रेक्षकाला ती त्याच्यासाठी शोधावी लागत नाही, आणि शोधण्यातच तर तो गुंततो.

मग झाकण. जुनं लोखंडी झाकण तडकलेलं होतं, प्लंबरने ते काढून ठेवलं आणि वर प्लायवूडचा तुकडा टाकला, हे आता आठव्या मिनिटालाच सांगायचं ठरलं. कोणी काढलं, मिटलं. बाराव्या मिनिटाला बैठकीचा नेहमीचा विषय क्रमांक एक: मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे. गणपतीच्या रोषणाईवर तेव्हा झालेलं भांडण खजिनदार वाचतो, त्यावर हशा येतो आणि त्या हशातच एक वाक्य निघून जातं: टाकीचे झाकण, अंदाजे खर्च रु. ६,८००, विषय पुढील सभेत घ्यावा.

दुपारी हाच तुकडा सर्वांत जास्त वेळ खाऊन गेला. खजिनदार करणारा नट अनुभवी, आवाज उत्तम. तो त्या वाक्याआधी थांबायचा, आकडा सावकाश घ्यायचा, पुन्हा थांबायचा. हशा मरत होता आणि गुपित फुटत होतं. वाक्याच्या दोन्ही बाजूंना विराम दिला की त्याच्याखाली रेघ ओढली जाते. घड्याळ लावून पाहिलं, विरामांसकट नऊ सेकंद. रोषणाईच्या वाक्याला जोडून, श्वास न तोडता घेतलं तेव्हा चार. प्रेक्षकाला ते ऐकू यायलाच हवं, नाहीतर पुढे फसवल्यासारखं वाटेल. फक्त मोलाचं वाटता कामा नये. सातव्या खेपेला जमलं.

ती वही नाटकात तीनदा वाचली जाते. दुसऱ्यांदा सत्ताविसाव्या मिनिटाला, तेव्हा सभेची तारीख ऐकू येते: अपघाताच्या अकरा दिवस आधी. तिसऱ्यांदा विषय पुढे ढकलण्याचे सूचक आणि अनुमोदक. सूचक खजिनदार, त्यात आश्चर्य नाही. अनुमोदक म्हणजे दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, ज्या त्या मुलाला रोज डबा द्यायच्या आणि ज्यांच्यावर प्रेक्षकाचा तोवर सर्वांत जास्त जीव जडलेला असतो. विषय लांबला होता, घरी दूध उतू जाईल म्हणून त्यांनी हात वर केला होता.

मध्यंतर नाव उच्चारण्याच्या आधी घ्यावं असा लेखकाचा आग्रह होता. मी अडून बसलो. तसं केलं तर बाहेर वडापाव खाताना लोक नाव ओळखण्याचा खेळ खेळतील. आता नाव वाचलं जातं, पोलिसांना द्यायच्या निवेदनाचा कागद फिरत काकूंपुढे येतो, त्यात प्लंबरखेरीज कोणाचं नाव नाही, सेक्रेटरी पेन पुढे करतो आणि दिवे जातात. सही करावी की नाही, यावर लोकांनी बाहेर बोलावं. शेवटचं अडीच पानी कबुलीचं भाषण मात्र चार ओळींवर आणलं. पात्राने स्वतःला पुरेपूर दोष दिला की प्रेक्षकाला तो द्यावा लागत नाही. तो मोकळा होऊन घरी जातो.

साडेचारला पहिला अंक आणि शेवटचा प्रवेश नव्याने वाचला. सकाळचे श्रोते चालणार नव्हते, म्हणून शेजारच्या वर्गातली सहा माणसं बोलावली. पहिल्या प्रश्नाला चार वेगळी उत्तरं आली. दोघांनी लिहिलं, 'सगळेच'. या उत्तराने मी सावध होतो. 'सगळेच' म्हटलं की बहुतेकदा कोणीच उरत नाही, म्हणून दुसऱ्या अंकात काकूंना एकटं पाडणारा प्रवेश अजून हवा, अशी नोंद केली. दुसरा प्रश्न सहाही जणांनी सोडवला होता. एका चिठ्ठीवर निळ्या पेनाने लिहिलं होतं, 'मी सही केली नसती'. ते खोडून खाली, 'त्या दिवशी हात मीही वर केला असता'.

लेखकाने ती चिठ्ठी वहीच्या पहिल्या पानाला टाचली. शेवटचा प्रवेश अजून चार मिनिटं लांबतोय. पुढच्या रविवारी तिथून सुरुवात.